आसन क्रमांक चौदा

आमच्या कार्यालयात ध्यानवर्ग सुरू झाला, त्याला मी जबाबदार आहे, हे सुरुवातीलाच नमूद करतो. कार्यालयाचे आणि तालुक्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर खुलासा मागवला जाईल, आणि खुलासा लिहायला जी मनःशांती लागते ती सध्या माझ्याकडे शिल्लक नाही. माझे नाव देवानंद गावंडे. राहतो अमरावतीत, राजापेठेत. रोज दुचाकीने पाऊण तास जाऊन फेरफार आणि विहिरींच्या नोंदी यांचे टेबल सांभाळतो. या टेबलावर मला बावीस वर्षे झाली आणि या बावीस वर्षांत मी एकच कला मनापासून आत्मसात केली. ती म्हणजे बसल्या बसल्या झोपणे.

ही कला वाटते तितकी सोपी नाही. हातात पेन हवे, पेनाचे टोक कागदाला टेकलेले हवे, मान थोडीशीच कललेली हवी आणि घोरणे पूर्ण वर्ज्य. डब्यातली भाकर आणि वांग्याची भाजी पोटात गेली की दोन ते साडेतीन मी या अवस्थेत असतो. समोर उभ्या असलेल्या माणसाला वाटते, साहेब आपल्याच प्रकरणाचा विचार करत आहेत. तो आदराने थांबतो आणि थोड्या वेळाने निघून जातो. मध्येच जाग आली आणि माणूस अजून उभाच असला, तर माझ्या तोंडून आपोआप एक वाक्य निघते, "काम होऊन जाईन." बावीस वर्षांत या वाक्याने मला कधी दगा दिला नाही.

एप्रिलमध्ये वरून परिपत्रक आले. विषय : तणावमुक्त कार्यालय, समाधानी अभ्यागत. प्रत्येक कार्यालयाने आपल्यातूनच एक योगप्रशिक्षक तयार करावा, असा आदेश होता. आमच्या इंगोले साहेबांनी बैठक घेतली. एकाची कंबर निघाली, एकाचा हर्निया निघाला, एकाच्या बायकोची हरकत निघाली. मला कारण देता आले नाही, कारण त्या वेळी मी झोपलो होतो. माझ्या मौनास संमती समजून माझे नाव पाठवण्यात आले.

तीन दिवसांचे शिबिर अकोल्याला होते, तेही मे महिन्यात. मे महिन्यात माणसाला अकोल्याला पाठवणे ही आमच्याकडे शिक्षाच समजतात. सभागृहात साठ कर्मचारी आणि एक कूलर होता. पहिल्या दिवशी पुढे वाकायला सांगितले, पण माझे कपाळ आणि माझे गुडघे यांची भेट होऊ शकली नाही, पोटाने मध्यस्थी केली. दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलेल्या रागिणी मॅडम म्हणाल्या, "योग म्हणजे केवळ अंग वाकवणं नव्हे. शांत बसून ध्यान करणं, हाही योगच आहे." हे ऐकून माझे डोळे पाणावले. इतकी वर्षे मी योगी होतो आणि मला कोणी सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी परीक्षा होती. डोळे मिटून, न हलता, जमेल तितका वेळ बसायचे होते. मी सकाळीच जाऊन कूलरसमोरची जागा धरली. कोणी घामाने उठला, कोणी डासाने, कोणाचा फोन वाजला. मी सत्तेचाळीस मिनिटे बसलो. शेवटी मॅडमनी हलकेच खांद्याला स्पर्श केला आणि मी डोळे उघडून सवयीने म्हणालो, "काम होऊन जाईन." मॅडम गहिवरल्या. पन्नास वर्षांच्या साधनेनंतरही काहींना असा उद्गार सुचत नाही, असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले. मला श्रेणी एकचे प्रमाणपत्र मिळाले.

घरी ते प्रमाणपत्र कौशल्याने, म्हणजे माझ्या पत्नीने, दोनदा वाचले.

"तुमाले तिथं झोप लागली न?"

"झोप नाही. ध्यान."

"मंग रविवारी जेवण झाल्यावर तुमी करता, थे काय असते?"

"तेही ध्यानच."

"म्हंजे मी पंचवीस वर्सापासून योग्याचा सैपाक करून राहिली," ती म्हणाली आणि प्रमाणपत्र माझ्या हातात परत दिले.

एकवीस जूनला कार्यालयात वर्ग सुरू झाला. मी आत्मविश्वासाने शिकवू लागलो. आत्मविश्वास असला की ज्ञानाची तितकी गरज पडत नाही, हा अनुभव मला पहिल्याच दिवशी आला. योगाची आठ अंगे आहेत आणि त्यातली पहिली सहा आपल्या नोकरीत आपोआप पूर्ण होतात, असे मी सहकाऱ्यांना समजावले. यम-नियम सेवापुस्तकात आहेत, आसन खुर्चीवर सिद्ध होते, साहेबांनी हाक मारली की प्राणायाम होतो. समोर तासभर उभा असलेला माणूस न दिसणे हा प्रत्याहार, आणि आपण काम करतो अशी मनात असते ती धारणा. राहिले ध्यान, ते मी शिकवीन. समाधी निवृत्तीनंतर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शुद्ध पुणेरी उच्चारात "श्वास आत, श्वास बाहेर" म्हणालो आणि चार मिनिटांत सगळे कार्यालय झोपी गेले.

अडचण एकच आली. बैठक थोडी उंच असावी असे पुस्तिकेत लिहिले होते आणि उशांसाठी तरतूद नव्हती. आमचा शिपाई शालिकराम हुशार माणूस. तो माझ्या मागच्या मांडणीवरून प्रलंबित प्रकरणांचे गठ्ठे घेऊन आला.

"हे पाह्य साहेब, जुनं प्रकरन दबून दबून कसं मऊ झालं. नवं टोचते."

खरेच तसे होते. दोन-दोन तीन-तीन वर्षांची प्रकरणे बसायला फार सुखाची होती. अशी तीस आसने तयार झाली. पुढच्याच आठवड्यात तपासणी होती, आणि कार्यालयात जी वस्तू वापरात आहे तिची नोंद हवी, म्हणून साहेबांच्या सांगण्यावरून मी ती तीस आसने जडसंग्रह नोंदवहीत चढवली. टेबल, खुर्च्या, पंखे यांची नोंद असते तीच ही वही. प्रत्येक गठ्ठ्यावर क्रमांक टाकला, एक ते तीस. हस्ताक्षर माझेच आहे.

मग लक्षात आले की आम्ही शांत झालो, पण येणारे लोक शांत नाहीत. ते येतात, ओरडतात आणि आमच्या साधनेत व्यत्यय येतो. म्हणून मी एक नियमावली तयार केली. कलम चार : ध्यानस्थ व्यक्तीस कोणीही, कोणत्याही कामासाठी हलवू नये. कलम सात : प्रत्येक अभ्यागताने काम सांगण्यापूर्वी अर्ध्या तासाचे ध्यानसत्र पूर्ण करावे. सत्र साडेबाराला ठेवले. ते संपले की आमची जेवणाची सुट्टी होई, आणि ती संपेपर्यंत लोकांच्या परतीच्या एसट्या निघून जाण्याची वेळ होई. महिन्याला साठेक तक्रारी येत, त्या दोनवर आल्या. त्या दोन्ही आसन टोचते अशा होत्या.

आता सूर्यभान राऊत यांच्याविषयी लिहायला हवे. ते मला टाळता आले असते तर बरे झाले असते.

सूर्यभानभाऊ फुलांचे शेतकरी. त्यांचे गाव खारपाणपट्ट्यात येते. तिथे विहीर खोदली की मिठासारखे पाणी लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण यांच्या वावरात मागच्या वर्षी गोड पाणी लागले. सगळा गाव ते पाणी चाखून गेला. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर लागली की पंपाला वीज मिळणार होती, आणि पंप बसला की दसऱ्याचा झेंडू फुलणार होता. नोंदीचा अर्ज त्यांनी जानेवारीत माझ्या टेबलावर दिला होता. पाऊस संपायच्या आत नोंद हवी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. काम किती वेळाचे, तर अकरा मिनिटांचे. हे मला नंतर कळले, कारण तोवर मी ते कधी केले नव्हते.

त्यांचा राग तालुक्यात प्रसिद्ध होता. त्या रागावर गावाला रस्ता मिळाला होता, शाळेला दुसरा मास्तर मिळाला होता. जुलैच्या पहिल्या मंगळवारी ते आले आणि माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "सहा महिने झाले! माहा कागद कुठी आहे? काहून नोंद होऊन नाही राहिली? आज मले पायजे म्हंजे पायजे!"

मी त्यांना कलम सात वाचून दाखवले. ते आणखी ओरडले. मी शांतपणे म्हणालो, "सूर्यभानभाऊ, हा जो राग आहे, तो तुमचा नाही. त्याच्याकडे फक्त बघा." ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले आणि बसले. पहाटे तीनला उठून बाजारात फुले नेणारा माणूस तो. डोळे मिटताच गाढ झोपला. अर्ध्या तासाने उठला तेव्हा चेहरा बदललेला होता.

"साहेब, लई बरं वाटलं. घरी अशी झोप भेटत नाही."

"झोप नाही. ध्यान," मी म्हणालो.

कामाचे विचारायच्या आत जेवणाची सुट्टी झाली आणि त्यांची एसटी आली. पुढच्या मंगळवारी ते पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही मंगळवारी आले. पाचव्या मंगळवारी त्यांनी टेबलावर हात आपटला नाही. आठव्या मंगळवारी त्यांनी कागदाचे विचारलेच नाही, सरळ जाऊन आसनावर बसले. पहिल्या दिवसापासून ते बसत होते तेच पहिल्या रांगेतले आसन मी त्यांना कायमचे दिले. चौदा क्रमांकाचे. तसे नवेच, पण टोचत नसे. त्यांच्यावर मी दोन पानांची यशोगाथा लिहून वर पाठवली, मिटलेल्या डोळ्यांच्या फोटोसह. वरून उत्तर आले की आमचे कार्यालय आदर्श ध्यान कार्यालय म्हणून विचाराधीन आहे, दसऱ्यानंतर पाहणी होईल, आणि श्री. गावंडे यांचा जिल्हा मुख्य प्रशिक्षक म्हणून विचार व्हावा. मुख्य प्रशिक्षकाला टेबल नसते. फिरायचे, शिकवायचे आणि बसायचे. मी ते पत्र घरी नेऊन कौशल्याला दाखवले.

दसऱ्याला नऊ दिवस होते तेव्हा पार्बताबाई आल्या. सूर्यभानभाऊंच्या पत्नी. हाताला बादलीच्या कडीचे घट्टे होते. साडेबाराचे सत्र लागायचे होते. आल्या त्या थेट माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"गावंडे साहेब तुमीच का?"

"होय ताई. आधी बसा. श्वास—"

"श्वास राहू द्या. माह्या नवऱ्याचा राग वापस द्या."

मी नियमावली चाळली. अशी मागणी कोणत्याच कलमात बसत नव्हती. "राग इथे जमा केल्याची काही पोच आहे का?" मी विचारले. हे मी खरोखर विचारले.

"पोच काहाची? पंधरा दिवसांपासून पाऊस नाही. झेंडू मान टाकून राहिला. विहिरीत गोड पानी भरून आहे अन् मी बादलीनं शेंदून राहिली. किती झाडाले पुरन? याले म्हनलं, जाय, तहसील हालव, साहेबाले बोल. तं हा खाटेवर मांडी घालून बसते अन् म्हनते, पार्बते, सुकनाऱ्या झाडाकडे फक्त पाह्य." त्यांचा आवाज एकदम फुटला. "साहेब, हा मानूस भांडत होता म्हनून आमचं घर उभं होतं. तुमी त्याले काय केलं?"

शालिकरामने सवयीने एक आसन पुढे सरकवले. "बस माय. बसल्याबिगर काम नाही होत." पार्बताबाई बसायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. गठ्ठ्याला क्रमांकाच्या कागदाखाली हिरव्या काठाची एक चिंधी बांधलेली होती.

"हे तं माह्या लुगड्याची चिंधी," त्या म्हणाल्या. "यानंच बांधून देले होते म्या कागद."

ते आसन क्रमांक चौदा होते. सूर्यभानभाऊ अकरा मंगळवार स्वतःच्याच अर्जावर बसून शांत झाले होते.

मला लाज वाटली. हे मी स्पष्ट लिहितो, कारण पुढचे वाचून कोणाचा विश्वास बसणार नाही. मी गठ्ठा उचलला, चिंधी सोडली, टिपणी लिहिली. अकरा मिनिटे लागली. बावीस वर्षांत पहिल्यांदा पेन कागदाला टेकले आणि पुढेही सरकले. पार्बताबाईंना म्हणालो, "ताई, आजच सही आणतो." आणि कागद घेऊन इंगोले साहेबांकडे गेलो. ते ध्यानस्थ होते. कलम चार माझेच असल्यामुळे मी पंचावन्न मिनिटे दाराशी उभा राहिलो.

साहेबांनी डोळे उघडले, कागद पाहिला, मग त्यावरचा क्रमांक पाहिला.

"गावंडे, हे तर आसन आहे."

"साहेब, हे प्रकरण आहे."

"प्रकरण होतं. जडसंग्रहाला चढलं तेव्हाच ते आसन झालं. तुम्हीच चढवलं. उद्या एखाद्या खुर्चीवर सही करा म्हणाल, करू का मी?"

"मग काय करायचं साहेब?"

"आधी निर्लेखन. आसन म्हणून ते बाद करा, मग कागद म्हणून माझ्यासमोर ठेवा, मी लगेच सही करतो. त्याला दाखला लागेल, की सदर आसन ध्यानास निरुपयोगी झाले आहे. दाखला देणार प्रमाणित प्रशिक्षक."

"म्हणजे मी."

"म्हणजे तुम्ही. फक्त एक बघा. पाहणीत तीस आसनं हवीत. एकोणतीस भरली तर आदर्श कार्यालय गेलं, तुमचं मुख्य प्रशिक्षकपणही गेलं. मी दबाव आणत नाही. मन शांत करून ठरवा."

बाहेर येऊन मी पार्बताबाईंना सांगितले की थोडी प्रक्रिया बाकी आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सवयीने म्हणालो, "काम होऊन जाईन." त्या गेल्या.

दाखला दोन ओळींचा होता. कोरा कागद समोर घेतला, पेन टेकवले. सूर्यभानभाऊंचे नाव मनात आले आणि त्याच्या लगेच मागे बिनटेबलाची नोकरी आली. नीट विचार करावा म्हणून मी क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा साडेपाच वाजले होते. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी मी ठरवले की एकदा पाहणी होऊ द्यावी, मग लगेच दाखला द्यावा, आणि गठ्ठा त्याच चिंधीने बांधून पुन्हा पहिल्या रांगेत ठेवला. यात कोणाचे नुकसान होईल असे मला त्या वेळी वाटले नाही, कारण त्या वेळी मी श्वासाकडे बघत होतो.

खंडेनवमीला कार्यालयात पूजा असते. संगणकाला, शिक्क्यांना, साहेबांच्या गाडीला झेंडूचे हार घालतात. हार दरवर्षी सूर्यभानभाऊंकडून येत, प्रेमाने. या वर्षी आले नाहीत म्हणून शालिकरामने बाजारातून प्लास्टिकचे आणले. नारळ फोडायच्या वेळी नवराबायको दोघे दारात उभे राहिले. सूर्यभानभाऊंच्या हातात पिशवी होती.

मी पुढे गेलो. मला वाटले आता टेबलावर हात आपटतील. मी मनातून देवाला म्हणालो, आपटू दे.

"असू द्या साहेब," ते हसून म्हणाले. "वावर सुकून गेलं. पन मले राग नाही आला. तुमची कृपा."

पार्बताबाईंनी त्यांच्या हातातून पिशवी घेतली. "एका हाराचीच फुलं निघाली," त्या म्हणाल्या. त्यांनी आत येऊन संगणकाकडे पाहिले नाही, साहेबांकडे पाहिले नाही. पहिल्या रांगेत जाऊन चौदा क्रमांकाच्या गठ्ठ्यावर तो हार घातला, भिंतीवरच्या फोटोला घालतात तसा. हिरवी चिंधी सोडवून कमरेला खोचली. हात जोडले आणि नवऱ्याला घेऊन गेल्या.

तेवढ्यात साडेबारा वाजले. सणामुळे लोक जास्त आले होते. चौदा सोडून सगळी आसने भरली, उभा राहिलो मी एकटाच. शालिकरामने चौदाकडे बोट दाखवले. सत्र वेळेवर सुरू करणे बंधनकारक होते. मी हार अलगद उचलून बाजूला ठेवला, एकही पाकळी गळू दिली नाही, आणि बसलो. फार मऊ होते. "श्वास आत," मी म्हणालो आणि डोळे मिटले. झोप मात्र आली नाही, आणि त्या दिवसापासून आलेली नाही.

पाहणी झाली, आदर्श झालो. आता मी गावोगाव फिरून शिकवतो, म्हणून तुम्हालाही एक सोपा अभ्यास सांगून ठेवतो. हे वाचताना तुम्ही कुठेतरी आरामात बसला असाल. डोळे मिटू नका. फक्त एकदा उठा आणि आपण कोणाच्या कागदावर बसलो आहोत, ते बघा.